लाओसमध्ये भाड्याची दुचाकी घेताय? पासपोर्ट देऊ नका

लाओसला जाणारी मराठी माणसं अजून थोडीच. थायलंड-व्हिएतनामच्या सहली भरभरून जातात आणि या दोघांच्या मधला, समुद्राचा किनारा नसलेला, मेकाँगच्या कडेनं पसरलेला देश राहून जातो. जे जातात ते लुआंग प्राबांग आणि व्हिएन्तियान करून परततात. दक्षिणेला पाकसेपर्यंत उतरणारे आणखी कमी. उतरलं की मात्र तिथं दुचाकीवाचून पान हलत नाही, कारण बघण्यासारखं सगळं गावाबाहेर आहे. आमची फसवणूक या दुचाकीवरूनच झाली. पाकसेत झाली, पण ही पद्धत लाओसमध्ये इतरत्रही चालते आणि थायलंडच्या बेटांवर तर जुनीच आहे. त्यामुळे कुठेही जाणार असाल तरी वाचून ठेवा.

पाकसेच्या पूर्वेला बोलावेन नावाचं पठार आहे. हजार-बाराशे मीटर उंचीचं, थंड, तांबड्या मातीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचांनी तिथं कॉफी लावली, ती आज लाओसची मुख्य कॉफी. पाकसेपासून ३८ किलोमीटरवर ताड फान धबधबा लागतो. शंभर मीटरहून जास्त उंचीवरून दोन धारा शेजारीशेजारी जंगलात कोसळतात. पुढं पाकसोंग गाव, कॉफीचे मळे, आणखी धबधबे. हा सगळा फेरा लोक दुचाकीवरून करतात, वाटेत मुक्काम करतात. त्यासाठी पाकसेच्या मुख्य रस्त्यावर भाड्याच्या गाड्यांची दुकानं आहेत, आणि त्यांतली बरीचशी अनामत म्हणून पासपोर्ट मागतात.

आम्ही ज्या दुकानात गेलो तिथं एक पन्नाशीच्या बाई होत्या. हात जोडून ‘सबायदी’ म्हणाल्या, पाण्याच्या बाटल्या दिल्या. भाडं दिवसाला दीड लाख किप. आकड्यानं दचकू नका, रुपयाला साधारण अडीचशे किप धरले तर हे सहाशे रुपये झाले. रोख अनामत ठेवते म्हटलं तर मानेनंच नाही म्हणाल्या आणि इंग्रजीत छापलेला कागद पुढं सरकवला : मूळ पासपोर्ट. नवऱ्याचा पासपोर्ट टेबलाच्या खणात गेला, खणाला कुलूप लागलं. त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात होतं की नुकसान झाल्यास नव्या भागाची किंमत आणि गाडी दुरुस्तीत असेल तितक्या दिवसांचं भाडं ग्राहकानं द्यायचं. गाडीभोवती बाई स्वतःच फिरल्या, आरशावरचा आणि सायलेन्सरवरचा ओरखडा दाखवला, कागदावर दोन फुल्या मारल्या. एवढा प्रामाणिकपणा पाहिल्यावर आपण वाकून खाली बघत नाही. त्या दोन फुल्या त्यासाठीच असतात, हे मला आता कळतंय.

फेरा सुंदर झाला. पाकसोंगला एका टपरीवर कॉफी घेतली, पैसे देताना माझ्या हातून दहा हजाराऐवजी लाखाची नोट गेली. बहुतेक नोटांवर कायसोन फोमविहान या एकाच नेत्याचा चेहरा, वर शून्यांची रांग. बँकेत आयुष्य गेलं तरी पहिले काही दिवस माझाही गोंधळ उडत होता. टपरीवाली मुलगी रस्ता ओलांडून धावत आली आणि नोट हातात ठेवून परत गेली. हे मुद्दाम सांगतेय, कारण लाओसमध्ये पावलोपावली लूट आहे असं अजिबात नाही. तिथला सर्वसाधारण माणूस घासाघीससुद्धा संकोचानं करतो. म्हणून तर आपण सैल होतो. बँकॉकमध्ये रिक्षावाला समोर आला की आपण पाकीट चाचपतो, पाकसेत चाचपत नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी वाट फू केलं. चंपासाकजवळ डोंगराच्या कुशीत ख्मेर राजवटीतलं शिवमंदिर आहे, २००१ पासून जागतिक वारशाच्या यादीत. माथ्यावरचा सुळका नैसर्गिक शिवलिंगासारखा दिसतो, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना चाफा. त्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. दुपारी साडेतीनला थायलंडमधल्या उबोन राचाथानीची बस होती, तिथून दुसऱ्या दिवशी सकाळचं बँकॉकचं विमान. दोनच्या सुमारास गाडी धुऊन, टाकी भरून दुकानात नेली.

बाई नव्हत्या. खुर्चीत एक पंचविशीतला पोरगा होता, चांगलं इंग्रजी बोलणारा. ‘बस कितीची?’ त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं, आणि नवऱ्यानं गप्पांच्या ओघात सांगून टाकलं. मग पोरगा उठला, गाडी स्टँडवर चढवली, थेट उकिडवा बसला आणि मोबाइलचा उजेड पायाजवळच्या प्लास्टिकच्या आवरणाखाली धरला. हँडल, आरसे, दिवे यांतलं काहीच त्यानं पाहिलं नाही. कुठं बघायचं हे त्याला ठाऊक होतं.

आवरणाच्या आतल्या कडेला बोटभर लांबीचा तडा होता. ‘नवीन,’ तो म्हणाला. मीही बसले आणि बघितलं. तड्याच्या दोन्ही कडांना वाळलेल्या गोंदाचे पिवळट मणी होते, आपल्याकडं चपलेला लावतात तसल्या झटपट गोंदाचे, आणि त्या गोंदात काळी धूळ पक्की बसलेली. बोलावेनची माती तांबडी, आम्ही धुतल्यावरही ती चाकाच्या सांध्यात राहिली होती. तड्यात मात्र तिचा कण नव्हता. म्हणजे तो तडा आमच्या आधी कधीतरी पडला, कुणीतरी चिकटवला आणि पुन्हा सुटा करून ठेवला. किती जणांकडून त्या एका तड्याचे पैसे वसूल झाले असतील देव जाणे.

हे सगळं मी त्याला दाखवलं. तो हसला. आवाज नाही, अरेरावी नाही. ‘मॅडम, मला वाईट वाटतं, पण कागदावर या जागी फुली नाही.’ अडीचशे डॉलर. आवरण मागवावं लागेल, ते यायला आठवडा, आठवड्याचं भाडं वेगळं. कॅल्क्युलेटरवर आकडा मारून तो आमच्याकडं फिरवला आणि खुर्चीत टेकून बसला.

नवरा बाहेर पडला. चार घरं सोडून एक पंक्चर काढणारा मेकॅनिक होता, त्याला मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यानं बोटांनी आणि नोटा दाखवून सांगितलं ते अडीच लाख किप, बसवण्यासकट. हजार रुपये! नवरा परत येऊन म्हणाला, ‘अगं, तोच बसवून देतोय, अर्ध्या तासात.’ पोरगा म्हणाला, आम्ही बाहेरचं काम घेत नाही. मग त्यानंच पोलिसांना बोलवायचं का म्हणून विचारलं. हवं तर बोलवू, म्हणाला, तासा-दोन तासांत येतील. घड्याळात पावणेतीन झाले होते.

इथं सगळा खेळ कळतो. तड्यावर वाद घालण्यात त्याला रसच नव्हता. खणात पासपोर्ट, समोर घड्याळ, बस्स. आम्ही हिशोब मांडला. बस चुकली तर विमान, ते चुकलं तर बँकॉकहून मुंबईचं विमान. पासपोर्ट सोडून द्यावा म्हटलं तर भारतीय दूतावास व्हिएन्तियानला, पाकसेहून रात्रभराच्या बसचा प्रवास. तिथं तातडीचं प्रवासपत्र मिळतं, पण त्यावर फक्त भारतात परतता येतं. नवरा तिकडं आणि मी इकडं अशी वेळ आली असती. शिवाय पासपोर्टवर छापलेलंच असतं की तो भारत सरकारच्या मालकीचा आहे. तो गहाण ठेवायची वस्तूच नव्हे. पण हे त्या दुकानात ऐकवून उपयोग काय?

घासाघीस करत आकडा शंभर डॉलरवर आला. इतक्या झटकन आला की खरा दर त्याहून खालीच असणार. मी विसाच्या पाच नोटा ठेवल्या. त्यानं त्या उजेडात धरल्या आणि दोन बाजूला काढल्या : एकीवर पेनाची बारीक रेघ, दुसरीचा कोपरा दुमडलेला. तिकडं खराब डॉलर खरोखरच कुणी घेत नाही, एवढं मान्य. मग म्हणाला, चाळीस डॉलर किपमध्ये द्या, दहा लाख. बाजारात डॉलरला २१ हजारांच्या आसपास भाव होता. म्हणजे साडेआठ लाख व्हायला हवे होते. पंचवीस हजारांनी हिशोब कशाला, असं विचारल्यावर तो पुन्हा तसाच हसला, साडेआठ लाख मोजून घेतले आणि खण उघडला. खणात आमच्यासारखे सात-आठ पासपोर्ट रबर लावून ठेवले होते.

बस मिळाली. पावती मागितली होती, ती दिली नाही. त्यामुळे प्रवासविम्यात दाव्याला काही आधार उरला नाही.

आता कुणी विचारतं, मग गाडीच घ्यायची नाही का? घ्या की. पण रोख अनामत ठेवून घेणारी दुकानंही आहेत, थोडं फिरावं लागतं, भाडं जरा जास्त पडतं. पाकसेत आमच्या लॉजमधल्या एका जोडप्याला तसं दुकान मिळालं होतं. मूळ पासपोर्टवर अडून बसला तर सरळ उठायचं, रांगेत पुढचं दुकान आहेच. गाडी ताब्यात घेताना व्हिडिओ काढायचा तो आवरणांच्या खालून, सीट उघडून, स्टँडखाली मोबाइल घालून, आणि दुकानदार त्यात दिसेल असा. ओरखड्यांच्या फुल्या त्याला मारू द्यायच्या नाहीत, आपण मारायच्या. आणि गाडी परत करायची ती आदल्या संध्याकाळी. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोकळे आहात हे त्याला दिसलं तर अडीचशे डॉलरचा आकडा बाहेरच येत नाही. बस-विमान कधीचं, हे तर कुणालाच सांगू नका, कितीही गोड बोलून विचारलं तरी.

याच धंद्याचा आणखी वाईट प्रकार म्हणजे गाडी रात्री लॉजबाहेरून गायब होणं. दुसरी किल्ली दुकानाकडं असतेच. मग नव्या गाडीची किंमत मागतात, आणि पासपोर्ट तिथंच. म्हणून स्वतःचं कुलूप न्यावं, गाडी आवारात आत लावावी आणि दुकानदाराला लॉजचं नाव विचारूनही सांगू नये. कागदावर त्यांना पत्ता लागतो, तिथं आधीच्या मुक्कामाचा लिहिला तरी चालतं, असं मी आता बिनदिक्कत सांगते. शिवाय निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते.

पासपोर्टचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. लाओसहून आल्यावर आमच्या नात्यातल्या एका मुलानं फोन केला : मावशी, तिथं डाटा एंट्रीची नोकरी मिळतेय, तिकीट तेच काढतायत, जाऊ का? त्याला मी अर्धा तास सोडलं नाही. उत्तरेला बोकेओ प्रांतात गोल्डन ट्रँगल नावाचा विशेष आर्थिक विभाग आहे. तिथं ऑनलाइन फसवणुकीच्या केंद्रांत भारतातून नेलेली पोरं अडकतात. गेल्या गेल्या पासपोर्ट काढून घेतात आणि लोकांना गंडवायला बसवतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या दूतावासानं तिथून ४७ भारतीयांना सोडवलं होतं. पर्यटकाच्या व्हिसावर तिथं नोकरी करता येत नाही, हेही दूतावास वारंवार सांगतो. आमचे शंभर डॉलर गेले, त्या पोरांचे महिनेच्या महिने गेले. घरात बेकार पदवीधर असेल तर ही गोष्ट त्याच्या कानावर घाला.

बसमध्ये बसल्यावर मी त्या दुकानाचे अभिप्राय उघडले. सरासरी साडेचारच्या वर, ‘खूप मदत करणारे कुटुंब’ वगैरे. कमीत कमी तारे देणाऱ्यांचे वेगळे काढले तेव्हा एका जर्मन मुलीनं टाकलेला फोटो सापडला, आमच्या कितीतरी महिने आधीचा. तेच आवरण, तीच बोटभर लांबीची भेग. खाली मालकाचं उत्तर : ग्राहकानं अपघात केला आणि खोटं बोलतेय. मी आमचा फोटो तिच्या फोटोशेजारी लावून अभिप्राय टाकला. आठवड्यानं त्यालाही तेच उत्तर आलं, शब्दनशब्द.