ग्लासगोची बोली शिकायची तर गप्पांचा वर्ग की चिप्सचं दुकान?

ग्लासगोला शिकायला निघालेली मुलं मला दोन गोष्टी विचारतात. खोली कुठे घ्यावी, आणि तिथल्या लोकांचं बोलणं कळायला काय करावं? खोलीबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. बोलण्यापायी मात्र मी अख्खं वर्ष खपलोय, म्हणून त्याबद्दल लिहितो. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा झालेली असणारच, तेव्हा व्याकरण वगैरे सोडून देऊ.

मी दोन्ही मार्ग धरून पाहिले. एक म्हणजे सार्वजनिक वाचनालयात दर बुधवारी भरणारा फुकट गप्पांचा वर्ग. दुसरा, डंबार्टन रोडवरच्या चिप्सच्या दुकानात, म्हणजे तळलेले मासे आणि बटाट्याच्या गरम फोडी विकणाऱ्या दुकानात, काउंटरवरचं काम, आठवड्यातून तीन संध्याकाळी. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही, पण तीन संध्याकाळी त्यात आरामात बसतात. व्हिडिओ बघून शिकण्याचा पर्याय मी धरतच नाही. व्हिडिओ थांबवून मागे नेता येतो, समोरचा माणूस नाही.

वर्गाचं श्रेय आधी देतो. 'आउटविथ' हा शब्द मला तिथे उलगडला. विद्यापीठाच्या पत्रात तो दिसला तेव्हा मी छपाईची चूक समजलो होतो. स्कॉटलंडमध्ये 'च्या बाहेर' या अर्थाने तो चक्क सरकारी कागदातही असतो. 'हाऊ?' असं कोणी विचारलं तर पुष्कळदा त्याला 'का?' म्हणायचं असतं, हेही तिथेच कळलं. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे शिव्या. ग्लासगोत जिवलग मित्राला हाक मारतानाही शिवी येते, पण परक्याच्या तोंडी तीच वेगळी वाजते. कुठली कुणासमोर उच्चारायची नाही, हे वर्गातल्या बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. दुकानात हे समजावत बसायला कोणाला वेळ नसतो. शिवाय स्कॉट्स, म्हणजे स्कॉटलंडची स्वतःची भाषा, हे बिघडलेलं इंग्रजी नव्हे, 2011च्या जनगणनेत 15 लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला ती बोलता येते असं नोंदवलंय, हेही त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं. अहिराणी किंवा मालवणी घरात असलेल्याला ते लगेच भिडेल.

मग मला खटकलं काय? एका बुधवारी वर्गातल्या दोन स्वयंसेवक बायका चहाच्या टेबलापाशी आपसात बोलत होत्या. भरभर, खळखळून, मधले 'ट' घशातच गिळत. 'वॉटर'चं 'वॉ-अर' होतं ना, तसं. मी कप घ्यायला जवळ गेलो आणि दोघींनी वाक्य अर्ध्यावर बदललं. एकदम बातम्यांतलं इंग्रजी, एकेक शब्द सुटा. माझ्यावरच्या मायेपोटीच, यात शंका नाही. पण ज्यासाठी मी तिथे जात होतो, नेमकं तेच मी जवळ गेलो की बंद व्हायचं. पुण्यात आपणही हेच करतो. समोरचा अमराठी आहे असं दिसलं की आपण हिंदीवर येतो, आणि तो दहा वर्षं राहूनही मराठी शिकत नाही. त्या बुधवारनंतर मला हे जिथे तिथे जाणवायला लागलं आणि माझं मन वर्गावरून उडालं.

दुकानात असं होत नाही. शुक्रवारी रात्री आठला रांग दारापर्यंत, तेल चरचरतंय, अशा वेळी तुमच्यासाठी कोण सावकाश बोलणार? पहिल्याच आठवड्यात एक आजोबा म्हणाले, 'गीझ अ फिश सपर अन् अ बॉ-ल अ जिंजर.' सपर म्हणजे रात्रीचं जेवण आणि जिंजर म्हणजे आलं, एवढंच मला ठाऊक. 'गीझ' म्हणजे 'द्या', आणि तिथे सपर म्हणजे सोबत चिप्स, मग दुपारचा एक का वाजलेला असेना. चिप्स नको असतील तर 'सिंगल फिश'. जिंजर म्हणजे कुठलंही फसफसणारं थंड पेय. आजोबांनी बोटाने फ्रिज दाखवला, मी बाटली काढली, आणि तो शब्द कायमचा बसला. 'पोक' म्हणजे कागदाची पिशवी, हे पिशवी हातात असतानाच कळलं.

मालकिणीने एकदा शनिवारी 'बॅक ऑफ फोर'ला यायला सांगितलं. चारच्या मागे म्हणजे चारच्या आधी, असं धरून मी वीस मिनिटं आधीच जाऊन बंद शटरपुढे पावसात उभा राहिलो. ती आली चार वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे तिच्या हिशेबाने अगदी वेळेवर. 'बॅक ऑफ फोर' म्हणजे चार वाजून गेल्यावर लगेच. वर्गात मिळालेल्या वाक्प्रचारांच्या कागदावर हे नव्हतं. त्यावर मुसळधार पावसाला कुत्री-मांजरं पडतात हे होतं, आणि पाऊस काही कमी नसलेल्या त्या शहरात वर्षभरात ते मी एकदाही कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

काही गोष्टी तर आपल्याला सोप्याच जातात. 'हाफ टेन' म्हणजे आपलं सरळ साडेदहा. 'व्हेअर डू यू स्टे?' म्हणजे राहता कुठे, जसं आपल्याकडचं इंग्रजी विचारतं तसंच. 'आय, राइट' मात्र कागदावर शिकता येत नाही. दोन्ही शब्द होकाराचे, अर्थ 'काहीतरीच काय!'. तो सगळा सुरात आहे, आणि सूर कानावर शंभरदा पडावा लागतो.

माझ्यापुरतं माप सांगतो. आमच्या प्रोजेक्टच्या गटात दोन मुलं तिथलीच होती. ऑक्टोबरमध्ये ती हसली की मी बाकीच्यांचे चेहरे बघायचो. फेब्रुवारीत त्यांच्याबरोबरच हसायला लागलो. मधल्या काळात वर्गाला मी फार तर चारदा गेलो असेन.

सगळ्यांना हे जमेलच असं नाही. प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम असेल तर संध्याकाळी हातात राहत नाहीत. काम पहिल्या महिन्यात मिळेलच याचीही खात्री नाही. अनोळखी माणसाशी बोलताना घसा कोरडा पडत असेल, तर वर्गापासून सुरुवात करणं केव्हाही चांगलं. तिथे कोणी घाई करत नाही. पण मास्टर्स बहुधा एकाच वर्षाचं असतं, आणि दोन्हींतलं एकच निभणार असेल तर मी काउंटरकडे झुकेन. फक्त काम घेताना शुक्रवारची संध्याकाळ मागून घ्या. सोमवारी दुकान रिकामं असतं, आणि रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक तुमच्याशी सावकाश, स्वच्छ इंग्रजीत बोलतं.