दुहेरी बाणाच्या भरवशावर: अडचणीच्या काळातील व्हॉट्सॲप, काही महिन्यांच्या वापरानंतर

फोनमधील जागा संपली आणि साधे छायाचित्र काढणेही बंद झाले, तेव्हा मी तो गोव्यातील फोंडा शहरातल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने फोन नीट पाहण्याचेही कष्ट न घेता, "चौसष्ट जीबीत आता काही होत नाही, नवीन घेऊन टाका," असे सांगितले. माझ्या फोनची बॅटरी अजून रात्रीपर्यंत टिकते, काच शाबूत आहे, आणि इतरांनी पाठवलेले विनोद साठवण्यासाठी मी पंधरा-वीस हजार रुपये का मोजावेत, हे मला काही केल्या पटेना. घरी येऊन व्हॉट्सॲपमधील साठवणुकीची सोय उघडली. तेथे पाच एमबीहून मोठ्या फायली एकीकडे आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फायली दुसरीकडे, अशी सरळ वाटणी केलेली असते. हा दुसरा ढीग पुसण्यापूर्वी चाळत बसलो, तेव्हा मे २०२५ पासूनची सगळी धास्ती, राजकारण आणि थट्टा एका ठिकाणी पाहायला मिळाली.

व्हॉट्सॲप कसे वापरावे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. माझे लक्ष आहे ते संदेशाच्या डोक्यावर येणाऱ्या दुहेरी बाणाकडे. मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा अधिक हातांतून पुढे आलेल्या संदेशाला हा बाण लागतो, आणि एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. या बंधनानंतर असे संदेश सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले होते. आमच्या वाड्यावरील, म्हणजे वस्तीच्या, गटावर त्या घटीचा काही परिणाम दिसला नाही, ही गोष्ट वेगळी.

तरीही ७ मेपासूनच्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत या बाणाने मला फार मोठा आधार दिला, हे मान्य केले पाहिजे. सीमेवरील हल्ल्यांच्या नावाखाली चित्रफितींचा पूर आला होता, आणि त्यांतील काही तर चक्क व्हिडिओ गेममधून उचललेल्या होत्या, हे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) तथ्यतपासणी विभागाला जाहीर करावे लागले. दुहेरी बाण दिसला की ती फीत न उघडण्याचा नियम मी स्वतःला घालून घेतला आणि रोजच्या दीड जीबीतील बराच डेटा त्यामुळे वाचला. विनोदांना मात्र हा नियम लावला नाही. देशभर नागरी संरक्षणाचा सराव आणि दिवे घालवण्याची चर्चा सुरू होताच गटावरील एका सद्गृहस्थांनी लिहिले की, "आमच्या वाड्याला या सरावातून सूट मिळावी, वीज खाते तो आमच्याकडून वर्षानुवर्षे रोज करून घेत आहे." त्या रात्री घरोघरी दूरदर्शन संच ओरडत असताना या एका वाक्याने आमच्या घरातले वातावरण सैल झाले. विशेष म्हणजे त्या संदेशावर एकही बाण नव्हता, कारण तो आमच्याच वाड्यावर लिहिला गेला होता.

येथवर लिहून मी बाणाला पाचपैकी पाच गुण देऊन मोकळा होणार होतो. परंतु ढिगातून खाली सरकत ३ मेपर्यंत पोहोचल्यावर तो दिवस आठवला आणि हे मत बदलावे लागले. त्या पहाटे शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन सहा जणांना प्राण गमवावे लागले आणि अनेक जखमी झाले. आमच्या ओळखीचे धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, व्रत पाळून तिकडे गेलेले होते. अशा वेळी मृतांच्या आकड्यांचे जे मजकूर येत होते, त्यांवर बाणच नव्हता! कोणी तरी मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की त्याची सारी वंशावळ पुसली जाते आणि तो शेजाऱ्याने स्वतः लिहिल्यासारखा दिसतो. चित्र आधी फोनमध्ये उतरवून पुन्हा चढवले, तरी तेच होते. म्हणजे बाण नसणे हा खरेपणाचा दाखला अजिबात नाही, आणि ही त्रुटी मला इतर सगळ्या तक्रारींपेक्षा मोठी वाटते. धीर आला तो डिचोलीच्या मावशींच्या व्हॉइस नोटने: "आमचे सगळे धोंड घरी पोचले, नावे सांगते, ऐक." त्यानंतर त्यांनी एकेक नाव घेतले, मध्येच कोणाला चहा दे म्हणून सुनेला सांगितले आणि पुढची नावे घेतली. ती नोट दीडपट वेगाने ऐकण्याचे मनात आले नाही.

राजकारणाबाबत माझे मत संमिश्र आहे. गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली एखाद्या जमिनीचे वापर-क्षेत्र (झोन) बदलण्याचा प्रस्ताव आला, की हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. त्या सूचनेचे छायाचित्र सर्वे क्रमांकासह गटावर टाकणारा माणूस दिवसभर घोषणा पाठवणाऱ्या दहा जणांपेक्षा अधिक उपयोगाचा असतो, कारण त्या कागदावरून आपल्या गावची डोंगरउतार जमीन त्यात आहे की नाही, हे जेवणाच्या सुट्टीत तपासता येते. याउलट १९८७ पासून चालत आलेला कोकणी-मराठी राजभाषेचा वाद गटावर नित्यनेमाने पेटतो, आणि मराठीच्या बाजूने लिहिणारे आमचे बंधू ती सारी तळमळ इंग्रजी अक्षरांत टंकतात. देवनागरीचा कीबोर्ड फुकट मिळतो, एवढेच येथे नमूद करतो.

सर्वांत निर्मळ आनंद चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मिळाला. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीसाठी, रानातून आणलेल्या एका फळाचे छायाचित्र कोणी टाकले, ते कवंडाळ आहे की नाही यावर रात्री उशिरापर्यंत वाद रंगला आणि एरवी पक्षावरून एकमेकांशी न बोलणारे दोघे त्यात एकाच बाजूला आले. सुपारीची शिपटी (घड) कोणाकडे जास्तीची आहे, हेही तेथेच ठरले.

तूर्त मी चित्रे आणि फिती आपोआप उतरणे बंद केले आहे, राजकीय गट कायमचा मूक केला आहे आणि दुहेरी बाणाचा संपूर्ण ढीग पुसला आहे. एवढ्याने फोन पुन्हा छायाचित्रे काढू लागला आणि नवीन फोनचा खर्च टळला. व्हॉइस नोट मात्र कोणतेही सेटिंग बदलले तरी आपोआप उतरतातच. त्या जागा फारशी खात नसल्याने त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाचपैकी साडेतीन गुण. कॉपी केलेल्या मजकुरालाही खूण लागू लागली, तर उरलेल्यांपैकी एक गुण तत्काळ देईन.