घरी केलेला साबण: १० महिने बनवून, वापरून आणि विकून आलेला अनुभव

मागच्या डिसेंबरात सासूबाईंच्या टाचांना भेगा पडल्या तेव्हा त्यांनी फडताळातून मुठेलाचा गोळा काढला. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, थंडीत घट्ट होऊन त्याचा पांढरट गोळाच होतो, गोव्याकडे भिरंडेल म्हणतात. त्यांनी पळीत जरा गरम केलं, रात्री झोपताना भेगांवर चोळलं आणि आठवड्याभरात टाचा मऊ. लहानपणापासून बघितलेली गोष्ट आहे ही पण त्या दिवशी डोक्यात आलं की हे साबणात घालून बघू, आणि त्याच महिन्यात मी पहिला घाणा केला. तेव्हापासून आमच्या घरात अंघोळीला विकतचा साबण आलेला नाही, घरात पाच माणसं आहोत, शिवाय पुण्याला नणंदेकडे आणि माहेरी जातो तो वेगळा. मे महिन्यापासून विकतेसुद्धा. बऱ्याच जणी विचारतात कसं करतेस, परवडतं का, अंगाला खरंच चांगला असतो का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून काढते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण स्टॉलवर दर तिसरी बाई हेच विचारते: "केमिकल फ्री आहे ना?" नाही. साबण कॉस्टिक सोड्याशिवाय होतच नाही. तेल, पाणी आणि कॉस्टिक एकत्र आले की त्यांचा साबण आणि ग्लिसरीन होतं, आणि माप बरोबर असेल तर वडी मुरेपर्यंत त्यात कॉस्टिक उरत नाही. जी मंडळी सांगतात की आम्ही कॉस्टिक वापरतच नाही ती बहुतेक वेळा तयार सोप बेस आणून वितळवून साच्यात ओततात, आणि तो बेस करताना कोणीतरी ते आधीच घातलेलं असतं. सोप बेस वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण गिऱ्हाइकाला खोटं सांगू नये. मी हे सांगितल्यावर काही जणी वडी खाली ठेवून निघून जातात, जाऊदेत. ज्या थांबून ऐकतात त्या पुढच्या वेळी परत येतात, हे मी स्वतः बघितलंय.

आता माझं सध्याचं माप. १ किलो तेलाला खोबरेल ४५० ग्रॅम, मुठेल २५०, राईस ब्रान म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं तेल २०० आणि एरंडेल १००. याला कॉस्टिक लागतं साधारण १४५ ग्रॅम, आणि यात ७ टक्के तेल मुद्दाम साबण न होता शिल्लक ठेवलंय, तेच अंगाला मऊपणा देतं. पाणी २९० ग्रॅम. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं, खोबरेलाला सगळ्यात जास्त, एरंडेलाला बरंच कमी, त्यामुळे एक तेल संपलं म्हणून त्याच्या जागी तेवढंच दुसरं ओतलं असं इथे चालत नाही. नेटवर लाय (म्हणजे कॉस्टिक) कॅल्क्युलेटर फुकट मिळतात, माझं माप असलं तरी तुम्ही तुमचं त्यात घालून बघाच. आणि सगळं वजनावर, वाटी-चमच्याने अजिबात नाही. वजनकाटा हीच माझी पहिली खरेदी होती आणि आजही हातात पैसे कमी असतील तर आधी काटा घ्या, सुंदर साचे नंतर.

कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं. पाण्यात पडलं की क्षणात वाफ येते आणि भांडं हातात धरवत नाही इतकं तापतं. मी मागच्या पडवीत करते, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि मुलं शाळेत असतानाच. एकदा फेब्रुवारीत हातमोज्याच्या वर मनगटावर एक थेंब उडाला, आधी नुसतं बुळबुळीत लागलं आणि मग जी आग झाली, नळाखाली पंधरा-वीस मिनिटं हात धरून उभी होते, डाग अजून आहे. भांडं स्टीलचंच. माझ्या वहिनीने माझं बघून उत्साहात ॲल्युमिनियमच्या टोपात केलं तर फसफसून वर आलं आणि टोप काळा पडला, ॲल्युमिनियम आणि कॉस्टिकचं जमत नाही, वर जो वायू निघतो तो पेट घेणारा हायड्रोजन असतो, त्यामुळे हे हसण्यावारी नेऊ नका.

तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही कोमट झाले की एकत्र करून हँड ब्लेंडर फिरवायचा. आधी नुसतं पिवळं तेलकट पाणी दिसतं, मग दोन-तीन मिनिटांत ते दुधाळ होतं, आणि मग पातळ पिठल्यासारखं, ब्लेंडर उचलला की पडलेल्या थेंबाची रेघ वर दिसत राहते. हा क्षण मला आजही फार आवडतो. यालाच ट्रेस म्हणतात. मग वास, रंग काय असेल ते घालून साच्यात. मुठेल जास्त असेल तर पटकन घट्ट होतं, त्यामुळे रेंगाळायचं नाही. दुसऱ्या दिवशी कापायचं, १२ वड्या होतात, कापताना ११५ ते १२० ग्रॅमच्या, आणि सहा आठवडे मुरल्यावर पाणी उडून १०० ग्रॅमच्या आसपास. हे सहा आठवडे मी कमी करत नाही. चार आठवड्यांची वडी वापरता येते पण बाथरूममध्ये भराभर झिजते, सहा आठवड्यांची आमच्याकडे दीडपट टिकते.

आता पावसाळा. कोकणात राहून साबण करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा. जूनमध्ये मी कॉस्टिकचा डबा घट्ट न लावता ठेवला, आठ-दहा दिवसांनी बघते तर पापड्या एकमेकांना चिकटून ओलसर. मला वाटलं काय झालं त्याला, वजन केलं आणि वापरलं. ती चूक होती. कॉस्टिक हवेतलं पाणी खेचून घेतं, म्हणजे काट्यावर १४५ ग्रॅम दिसले तरी त्यात कॉस्टिक कमी आणि पाणीच जास्त, शिवाय हवेशी संयोग होऊन त्याचा काही भाग धुण्याचा सोडा होतो तो वेगळाच. त्या आठवड्यात केलेले तीनही घाणे मऊ राहिले, लोण्यासारखे, बोट दाबलं की खळगा. तीन किलो तेल गेलं. त्यातलं मुठेल एका ओळखीच्या काकूंनी बिया वाळवून, कुटून, उकळून हाताने काढलेलं होतं, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून कॉस्टिक अर्धा-अर्धा किलोच आणते, जाड प्लास्टिकच्या बरणीत झाकण पिळून, आणि उघडं राहिलेलं साबणाला वापरत नाही.

दुसरं म्हणजे डाग. सुरुवातीला मी राईस ब्रान ४० टक्के घालायचे कारण स्वस्त पडतं आणि फेस छान मलईसारखा येतो. एप्रिलमध्ये केलेल्या वड्यांवर ऑगस्टमध्ये केशरी ठिपके आले आणि जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास. एका ताईंनी फोटो पाठवला तेव्हा मी आधी वाद घातला, मग आपल्या कपाटातल्या बघितल्या तर तेच. राईस ब्रानमध्ये लवकर खवट होणारा भाग बराच असतो, त्यात साबण न होता शिल्लक ठेवलेलं तेल आणि वर आमची दमट हवा. १४ वड्या बदलून दिल्या. आता राईस ब्रान २० टक्क्यांच्या वर नाही, आणि वड्या वर्तमानपत्रावर नाही तर बांबूच्या जाळीवर, मधे मोकळी जागा सोडून, पंख्याखाली. पावसाळ्यात वडीला घाम सुटतो तो मात्र बहुतेक ग्लिसरीनमुळे, तो पुसून घ्यायचा, वडी खराब झालेली नसते.

रंगाबद्दल. हळदीचा साबण केला तेव्हा मला वाटलं पिवळाधमक होईल. ट्रेसला हळद घातली आणि डोळ्यांसमोर लालभडक झाली, अगदी कुंकू. आणि खरं म्हणजे कुंकू असंच करतात ना, हळद आणि चुना, क्षार लागला की हळद लाल होते. मुरता मुरता तो केशरी-तपकिरी झाला. मला स्वतःला तो रंग फार सुंदर वाटतो पण गिऱ्हाईक म्हणतं हळद आहे तर पिवळा का नाही, म्हणून आता पुठ्ठ्याच्या पेटीवर एक ओळ लिहिते. आमसुलाचा गुलाबी रंगही टिकत नाही, मातकट होतो. जास्वंद, बीट, गुलाबाच्या पाकळ्या सगळं तपकिरी. टिकतात ते गेरू, मुलतानी माती, कोळशाची पूड. बाजारात कोणी गर्द गुलाबी "बिटाचा" साबण देत असेल तर रंग कुठून आला ते जरूर विचारा.

वापराचं सांगायचं तर माझी कातडी हिवाळ्यात पांढरी पडायची, अंघोळ झाली की नखाने रेघ उठायची, ते बंद झालं. नवऱ्याला फरक वाटत नाही, त्याला कुठलाही साबण चालतो. सासूबाईंना खूप आवडला. नणंदेकडून मात्र आधी तक्रार आली, "वहिनी, तुझ्या साबणाला फेसच नाही आणि फरशीवर पांढरा थर बसतो." तिच्याकडे बोअरिंगचं पाणी आहे, जड पाण्यात साबणाचा साका बसतो. आमच्या विहिरीचं पाणी हलकं त्यामुळे मला हे कधी कळलंच नसतं. मग तिच्यासाठी खोबरेल वाढवलं आणि किलोला १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घातलं, पण ते घातलं की त्याच्यासाठी ६.२ ग्रॅम कॉस्टिक जास्त घ्यावं लागतं, नाहीतर साबण मऊ होतो. आता ती खूश आहे.

केसांना लावू नका, कोणी काही सांगो. या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, तो साबणाचा स्वभावच आहे, केस राठ होतात, मी दोन महिने करून बघितलंय. चेहऱ्याला ज्याचं त्याने ठरवावं, माझ्या मुलीच्या मुरमांवर काहीच फरक पडला नाही. कडुलिंबाच्या साबणाने गजकर्ण जाईल का असं विचारतात, मी सरळ नाही म्हणते, डॉक्टरकडे जा म्हणते. साबण अंग धुवायला आहे.

क्रीम आणि कोरफडीचं जेल मी विकत नाही. ताज्या कोरफडीचा गर काढून बाटलीत भरला तर बाहेर दोन-तीन दिवसांत वास मारतो आणि बुरशी दिसायच्या आधीच त्यात जंतू झालेले असतात. पाणी असलेल्या कुठल्याही गोष्टीत प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच, आणि "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" हे अभिमानाने लिहिलेलं ताजं क्रीम मी स्वतः लावणार नाही. लिप बाम करते, त्यात पाणी नाही, मेण, मुठेल आणि खोबरेल समान. मे महिन्यात मात्र पार्सलमध्ये वितळला, उन्हाळ्यात मेण थोडं वाढवावं लागतं.

विकण्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. घरी करून नातेवाइकांना देणं वेगळं आणि विकणं वेगळं. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे विक्रीसाठी बनवायला राज्याचं लायसन लागतं, आपल्याकडे ते अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतं. जागेच्या, भांड्यांच्या अटी आहेत आणि देखरेखीला जाणकार माणूस लागतो, त्यात केमिस्ट्री घेऊन बारावी झालेलाही चालतो. माझी पडवी त्यात बसणारी नव्हती. मग कळलं की लोन लायसन असतं, म्हणजे आधीच लायसन असलेल्या दुसऱ्याच्या युनिटमध्ये आपल्या नावाने माल करायचा. मी तसं केलंय. विक्रीचा माल तिथे, घरी फक्त घरापुरता आणि प्रयोगाचा. स्टॉल लावणाऱ्या कितीतरी बायकांना हे माहीतच नसतं, आणि कोणीतरी तक्रार केली तर सगळी मेहनत अडकेल याची मला त्यांच्यासाठी काळजी वाटते. लेबलवर घटक, बॅच, तारीख, पत्ता, लायसन नंबर सगळं येतं.

१०० ग्रॅमची वडी मला युनिटचं भाडं, पेटी धरून ७० रुपयांच्या आसपास पडते, विकते १३० ला. स्टॉलवर लोक म्हणतात दुकानात ४० ला मिळतो. हो मिळतो, आणि घासाघीस करून मी ९० ला दिला तर माझी मजुरी जेमतेम वीस रुपये. मे मध्ये दिला होता, आता देत नाही. वडीचे छोटे तुकडे १५ रुपयांना ठेवते, लोक चार दिवस वापरून बघतात आणि मग मोठी नेतात, हे सगळ्यात चांगलं चाललंय.

दिवाळीची ऑर्डर ६० वड्या आणि ४० पाकिटं उटण्याची आहे. उटण्यात वाळा, नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल, मुलतानी माती. बेसन घालत नाही, किडे होतात. वड्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ओतून झाल्यात कारण सहा आठवडे आधीच मोजून ठेवावे लागतात, आत्ता जाळीवर आहेत, रोज सकाळी उलटवते. काल एक काट्यावर ठेवली तर १०६ ग्रॅम आली, अजून दहा-बारा दिवस जातील.