इंजिन नवं, मीटर जुनं: स्पीड सिग्नल कन्व्हर्टर सात महिने वापरल्यावर

दुसरं इंजिन गिअरबॉक्ससकट बसवलं, पहिल्या सेल्फला सुरूही झालं. मग फेरी मारायला निघालो तर स्पीडोमीटरचा काटा शून्यावर ढिम्म. तेव्हापासून डॅशबोर्डखाली सिग्नल कन्व्हर्टरची एक छोटी डबी बसली आहे; ती गिअरबॉक्सवरच्या सेन्सरचा सिग्नल मीटरला कळेल असा करून देते. सात महिन्यांत तिने काय दिलं आणि काय नाही, ते लिहितो.

आधी दुखणं समजून घ्या. माझं मीटर जपानी पद्धतीचं. त्यात सेन्सरचा दांडा किलोमीटरला ६३७ फेरे घेतो आणि फेऱ्याला ४ पल्स (विजेचे ठोके) देतो, म्हणजे किलोमीटरला २५४८ पल्स. नव्या गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर (चाकांकडे फिरणं नेणाऱ्या दांड्यावर) ४० दातांचं चक्र आहे, दर दाताला एक पल्स. टायरचा घेर १.९५ मीटर आणि डिफरन्शियलचं गिअर गुणोत्तर ३.९ धरलं, तर शाफ्टचे किलोमीटरला २००० फेरे होतात आणि पल्स ८०,०००. ताशी ६० ला मीटरला सेकंदाला साधारण ४२ पल्स हवेत, सेन्सर देतो १३३३. भागायचं ३१.४ ने.

पण काटा मेला होता तो या आकड्यामुळे नव्हे. नुसता आकडा चुकला असता तर काटा टोकाला जाऊन आपटला असता. जुना सेन्सर तीन तारांचा हॉल सेन्सर (बाहेरून वीज घेऊन चुंबकक्षेत्र ओळखणारा) होता, तो स्वच्छ चौकोनी पल्स द्यायचा. नवा दोन तारांचा, चुंबक आणि वेटोळ्याचा. तो स्वतःच वीज निर्माण करतो, पण लाटेच्या रूपात, आणि वेग कमी झाला की लाटही बारीक होते. मीटरला ही भाषाच कळत नाही. हे माहीत नसताना मी सेन्सरच्याच तारेला मीटरची तार जोडून पाहिली. त्याने मीटर जिवंत झालं नाहीच, वर इसीयूचाही (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचाही) सिग्नल बिघडला: पी०५०० हा वेगाच्या सेन्सरमधल्या दोषाचा कोड आला आणि गाडी थांबताना इंजिन गचके देऊ लागलं. तार काढली, कोड पुसला, इंजिन सरळ झालं.

डबी दोन्ही कामं करते. लाटेचे चौकोनी पल्स बनवते आणि भागाकार करते. सेन्सरवर तिचा भार पडत नाही, त्यामुळे इसीयूला मूळ सिग्नल जसाच्या तसा मिळतो. या मुख्य कामाबद्दल सात महिन्यांत एकही तक्रार नाही.

तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. डबीचं आउटपुट तारेला फक्त अर्थकडे, म्हणजे शून्य व्होल्टकडे, खेचतं, वर उचलत नाही. वर उचलण्याचं व्होल्टेज मीटरने द्यायचं, हे त्यात कुठेतरी शेवटी बारीक अक्षरात होतं. माझं मीटर ते देत नाही, म्हणून एक अख्खा दिवस वाया गेला. तुम्ही आधीच तपासा: सिग्नलची तार मोकळी सोडा, इग्निशन चालू करा, तार आणि अर्थ यांमध्ये मल्टिमीटर लावा. ५ किंवा १२ व्होल्ट दिसले तर मीटर स्वतः देतंय. काहीच नसेल तर मी केलं तसं, इग्निशनच्या १२ व्होल्टपासून १ किलोओहमचा रेझिस्टर त्या तारेला जोडावा लागतो.

मग जुळवणी. जीपीएसवर ६० आणि काट्यावर ६४. हात शिवशिवले, पण थांबलो. कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो, जास्त मात्र एका मर्यादेपर्यंत चालतो. म्हणून काट्याला प्रमाण मानण्यात अर्थ नाही, जुळवावं अंतर. मैलाच्या दगडांवर २० किलोमीटर गेलो, ओडोमीटरने २०.३ मोजले. घेर कोऱ्या टायरचा धरला होता आणि माझे टायर झिजलेले. भाजक ३१.९ केला, अंतर जुळलं, काटा ६३ वर आला. तिथेच सोडला. दशांशानंतरचे तीन-तीन आकडे घोटणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की कोरा टायर झिजून संपेपर्यंत घेरच सुमारे २ टक्क्यांनी घटतो.

तिसऱ्या आठवड्यात काटा नाचायला लागला. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, आणि ॲक्सिलरेटर दाबला की काटा २० वर! चाक फिरत नसताना वेग दिसतो म्हणजे दोष भागाकारात नाही, सिग्नलच्या तारेत इग्निशनचा गोंगाट शिरतोय. सेन्सरच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन इग्निशन कॉइलपासून दूर नेल्या, शील्ड (तारांवरचं धातूचं आवरण) फक्त डबीच्या टोकाला अर्थ केली. नाच बंद. दोन्ही टोकांना अर्थ करायचा मोह होतो, पण मग शील्डमधूनच करंट वाहू शकतो आणि गोंगाट वाढतो.

पाचव्या महिन्यात पावसात काटा मध्येच पडायचा. गिअरबॉक्सवरच्या कपलरमध्ये (तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये) पाणी जाऊन पिना हिरव्या झाल्या होत्या. तो दोष डबीचा नव्हता. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळतं तेव्हा डबी क्षणभर बंद पडते, पण सेटिंग एकदाही पुसलं गेलेलं नाही. ते सेटिंग करणं मात्र वैतागाचं: एकच बटण, एकच दिवा, आणि लुकलुक मोजत बसा.

कुणी घेऊ नये? ज्यांच्या मीटरला वेग एबीएसकडून (ब्रेक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडून) कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या डेटाच्या तारांवरून, येतो त्यांनी. तिथे पल्सची तारच नसते. केबलवर चालणाऱ्या मीटरलाही ही डबी निरुपयोगी. आणि सेन्सर फिरवणारं प्लास्टिकचं दातेरी चाक बदलून फरक मिटत असेल, तर तेच करा.

एक गोष्ट राहिलीच. ताशी ७ च्या खाली काटा अजूनही शून्यावर झोपतो, कारण तिथे सेन्सरची लाट फारच बारीक. डबीची संवेदनशीलता वाढवून पाहिली, तर उभ्या गाडीत काटा पुन्हा नाचू लागला. सेटिंग परत मागे घेतलं. गर्दीत रांगताना मीटर शून्य दाखवतं, ते चालवून घेतो.