रिको जीआर थ्री: बोळात राजा, शनिवारवाड्यापुढे जरा अवघडलेला

आधीच सांगते, हा कॅमेरा सगळ्यांसाठी नाही. लग्नकार्यं, पक्षी, मुलांच्या क्रिकेटच्या मॅचेस यांतलं काही काढायचं असेल तर पुढे वाचायची तसदी घेऊ नका. याला झूम नाही, डोळा लावून बघायची सोय नाही, स्वतःचा फ्लॅश नाही, मागचा स्क्रीनही वळत नाही. एवढं सगळं ‘नाही’ असलेल्या वस्तूला इतके पैसे का मोजले, हे आमच्या घरी अजून अधूनमधून विचारलं जातं. माझं उत्तर ठरलेलं आहे. पुण्याच्या पेठांत, एका हातात भाजीची पिशवी आणि मागून रिक्षाचा हॉर्न अशा अवस्थेत नीट फोटो काढू देणारा दुसरा कॅमेरा मला सापडलेला नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवते. सुट्टीच्या दिवशी सकाळी कसबा, बुधवार, शुक्रवार, रविवार या पेठांत फिरायचं आणि दिसेल ते टिपायचं, हा माझा जुना नाद. दुकानांच्या पाट्या, वाड्यांचे जिने, टेम्पो रिकामा करणारे हमाल, पारावर पेपर वाचणारे आजोबा. पूर्वी यासाठी गळ्यात डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, असायचा. फोटो उत्तम यायचे, पण माणसं आधीच सावध व्हायची. पदर सारखे व्हायचे, पोरं बोटांनी ‘व्ही’ करायची आणि कुणीतरी विचारायचंच, “ताई, कुठल्या चॅनलच्या?” जीआर हातात असला की हा प्रश्न येत नाही. आला तर वेगळाच येतो: “मोबाईल घरी विसरलात का?”

बॅटरी आणि कार्ड घालून याचं वजन २५७ ग्रॅम. मंडईच्या हिशेबात पाव किलो आणि वर चार मिरच्या. कुर्त्याच्या खिशात मावतो. आत मात्र बऱ्याच डीएसएलआरमध्ये असतो तोच एपीएस-सी नावाच्या मोठ्या आकाराचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) आहे, २४ मेगापिक्सेलचा. पुढे १८.३ मिलिमीटरची एकच पक्की लेन्स, म्हणजे जुन्या फिल्मच्या हिशेबाने २८ मिलिमीटर; हा आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद. बटण दाबल्यापासून सेकंदाच्या आत तयार होतो आणि शटरचा आवाज इतका बारीक, की मंडईत तो मलाच ऐकू येत नाही. हे मॉडेल २०१९ चं आहे. २०२५ मध्ये जीआर फोर आला, म्हणून थ्री आता जुन्या बाजारात बऱ्यापैकी दिसतो. मीही तसाच घेतला.

या मालिकेचं घराणं मोठं आहे. फिल्मवरचा पहिला जीआर-वन १९९६ चा, पहिला डिजिटल २००५ चा. तोक्योच्या गल्ल्यांमधले दाणेदार, काळेकुट्ट फोटो काढणारे दाइदो मोरियामा वर्षानुवर्षं हेच कॅमेरे वापरत आले. पण घराणं बघून कॅमेरा घेऊ नये. स्नॅप फोकस बघून घ्यावा.

स्नॅप फोकस म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण पैसे वसूल होतात ते इथे. फोकस किती अंतरावर हवा ते आधीच ठरवून ठेवायचं: एक मीटर, दीड, दोन, अडीच वगैरे. मग बटण एकदम खालपर्यंत दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, ठरलेल्या अंतरावर फोटो घेऊन मोकळा होतो. उन्हात मी एफ/८ आणि अडीच मीटर लावते. (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि स्पष्ट दिसणारा पट्टा मोठा.) साधारण सव्वा मीटरपासून पार गल्लीच्या टोकापर्यंत सगळं स्पष्ट येतं. तुळशीबागेत हा हिशेब चालत नाही. तिथे वर ताडपत्र्या, खाली गर्दी आणि माणूस एकदम अंगावर येतो. तिथे एफ/५.६ आणि दीड मीटर. मग एक मीटरपासून पावणेतीन मीटरपर्यंतचाच पट्टा स्पष्ट मिळतो, पण तुळशीबागेत त्याहून लांबचं दिसतंय कुणाला? बांगड्या हातात चढवून बघणारी मुलगी, तिच्या खांद्यावरून किंमत विचारणारी आई, मागे राममंदिराच्या शिखराचा जरासा धूसर तुकडा. बस झालं.

अंतराचा अंदाज डोळ्यांत बसायला थोडे दिवस जातात. मी आमच्या स्वयंपाकघरात टेपने मोजून फरशांवर खडूच्या खुणा केल्या होत्या. एकदा सवय झाली की हात आपोआप चालतो, स्क्रीनकडे बघावंही लागत नाही. तो गुण यायलाच हवा, कारण दुपारच्या उन्हात स्क्रीनवर स्वतःच्या चेहऱ्याशिवाय फारसं काही दिसत नाही. ब्राइटनेस वाढवायची सोय आहे, पण तिने बॅटरी आणखी लवकर संपते.

महात्मा फुले मंडईत या कॅमेऱ्याची खरी मजा. आता भुयारी मेट्रोचं स्टेशनच मंडईत आहे, सप्टेंबर २०२४ पासून, त्यामुळे गाडी कुठे लावायची ही कटकट संपली. इमारत १८८६ ची. मधे अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटलेल्या लांबलचक ओवऱ्या. तेव्हाचं नाव रे मार्केट, मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांवरून. एवढा पैसा बाजारावर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, असं नगरपालिकेत जोतीराव फुले सांगत होते. त्याच इमारतीला पुढे त्यांचं नाव मिळालं. पुण्यात असं होतं.

आत विक्रेते उंच ओट्यांवर बसतात, आपण खाली उभे. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की सगळे फोटो खालून वर बघितलेले येतात, नाकपुड्याच जास्त. जीआर डोळ्याला लावायचाच नसल्यामुळे हात वर करून त्यांच्या नजरेच्या उंचीवरून फोटो घेता येतो. २८ मिलिमीटरमुळे माणूस, त्याचा तराजू, मागचे देवांचे फोटो आणि वरून येणारा उजेडाचा पट्टा, सगळं एका चौकटीत बसतं. त्यासाठी जवळ मात्र जावं लागतं. लांबून चोरून फोटो काढणाऱ्यांना ही लेन्स सोसत नाही, आणि मला वाटतं ते बरंच आहे. एवढं जवळ गेलं की बोलावंच लागतं. तिथल्या एका फुलवाल्या मावशी मला नेहमी म्हणतात, “माझ्याकडं काय बघताय, शेवंती बघा की!”

तांबट आळीत कॅमेऱ्याची दुसरी परीक्षा होते. कसब्यातल्या या आळीत तांब्याची भांडी घडवणारे आता थोडेच राहिलेत, पण गल्लीत वळण्याआधी हातोड्यांचा ठेका अजून ऐकू येतो. भांडं घडवून झालं की त्यावर हातोड्याने ओळीने बारीक ठोके मारत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याची एक चकचकीत टिकली उमटते. फोटोच्या दृष्टीने ही टिकली महा वाईट. कारखान्याची खोली अंधारी, दारातून येणारं ऊन थेट तांब्यावर. कॅमेरा खोलीकडे बघून उजेड ठरवतो आणि टिकल्या पांढऱ्याफटक होऊन जातात. इथे याचं हायलाइट-वेटेड मीटरिंग, म्हणजे उजळ भागावरून उजेड मोजायची पद्धत, कामाला येतं. सगळ्यात उजळ भाग सांभाळायचा, बाकी अंधारात गेलं तर जाऊ दे. रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) असली तर अंधारातलं बरंच नंतर घरी वर काढता येतं, अगदी भांडं घडवणाऱ्या काकांच्या बोटांवरची काजळीसुद्धा. काजळीवर मी जीव टाकते, काकांना मात्र ती आवडली नाही. “हात धुवून बसलो असतो की,” म्हणाले.

सेन्सर हलवून हाताचा थरकाप सांभाळण्याची सोय आहे, त्यामुळे शटर १/१५ सेकंद उघडं राहिलं तरी भिंती स्थिर येतात आणि उचललेला हातोडा तेवढा पुसट होतो. सहा सेंटिमीटरपर्यंत जवळ जाणारा मॅक्रोही आहे. घंगाळाच्या कडीचा मी काढलेला एक फोटो आमच्या चित्रकलेच्या वर्गात लावलाय.

आता वास्तूंचं. इथे माझा उत्साह जरा आवरता घेते.

रुंदीचा हिशेब सोपा आहे. आडव्या चौकटीत, दहा मीटरवरून सुमारे तेरा मीटर रुंदी मावते. पेठेतला बोळ चार मीटरचा असेल तर समोरच्या वाड्याची पाच मीटरच भिंत हाती लागते. उंची धरायला कॅमेरा वर वाकवला की खांब एकमेकांवर रेलतात. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी बाजूला सुरूच्या आकाराचे सुंदर लाकडी खांब आहेत, ते बाजीराव रोडच्या पलीकडच्या फुटपाथवरून मावतात, पण मधे बस आली नाही तर. यावर उपाय एकच. समोरच्या इमारतीतल्या काकूंना विचारायचं, “दोन मिनिटं गॅलरीत येऊ का?” पुण्यात नाही म्हणतात अशी ख्याती आहे, पण मला बहुतेक वेळा चहासुद्धा मिळालाय. दुपारी एक ते चार मात्र विचारू नका.

शनिवारवाड्यासमोर मोकळं पटांगण आहे, तिथे जागेची अडचण नाही. अडचण उजेडाची. दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत तो दिवसभर सावलीत असतो आणि मागचं आकाश लख्ख. त्या दिवसांत कुठलाही कॅमेरा न्या, दरवाजा मळकाच येणार. मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो, तेव्हा सकाळी लवकर तिरपं ऊन दरवाजावर घासून जातं आणि हत्तींसाठी ठोकलेल्या त्या अणकुचीदार खिळ्यांच्या लांब सावल्या पडतात. १७३२ मध्ये उभा राहिलेला आणि १८२८ च्या आगीत आतून जळून गेलेला हा वाडा मला तेव्हाच फोटोत आवडतो. लांबचा बुरूज जवळ आणायला जीआर उपयोगाचा नाही. चौकट कापून ३५ किंवा ५० मिलिमीटरसारखी करता येते, पण मेगापिक्सेल त्या प्रमाणात घटतात. इमारतींचा तपशील हाच तुमचा मुख्य विषय असेल तर याचा भाऊ, ४० मिलिमीटरचा थ्री-एक्स, बघा. तो २०२१ चा आहे. अर्थात ४० घेऊन तुळशीबागेत शिरायचं तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागेल.

भिडेवाडा मात्र याच २८ ने फुटपाथवरून टिपलेला माझ्याकडे आहे, कललेल्या रेषांसकट. १८४८ ची मुलींची शाळा जिथे भरली तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. त्या फोटोतल्या रेषा सरळ करायच्या मी सोडून दिल्यात.

बॅटरीबद्दल कंपनीच सांगते की एका चार्जमध्ये सुमारे २०० फोटो. तो आकडा खरा माना आणि दोन जास्तीच्या बॅटऱ्या घ्या. यूएसबी-सीने चार्ज होतो, म्हणून पॉवर बँक चालते. कार्ड घरी राहिलं तर आत दोन जीबीची जागा आहे, वेळ निभावते. व्हिडिओ फुल एचडीच, तो धरूच नका. यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की धूळ-पाण्यापासून बचाव नाही आणि लेन्स आतबाहेर सरकते. पेठांची धूळ माहीत असलेल्या माणसाने यावरून काय ते समजावं. मी झिपच्या छोट्या पाऊचमध्ये ठेवते. पावसात बाहेर काढत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलपथकं येईपर्यंत ठीक, गुलाल उधळायला लागले की कॅमेरा आत आणि मोबाईल बाहेर.

आणखी एक, याच्या मोहकपणाबद्दल. कुणाला कळत नाही म्हणून काहीही काढू नये. बुधवार पेठेतल्या देहविक्रीच्या वस्तीतल्या गल्ल्यांत मी कॅमेरा खिशातून काढत नाही, कारण तिथल्या बायकांना आपला चेहरा कुठे जाईल याची भीती असते आणि ती रास्त आहे. मुलांचा फोटो असेल तर आईला दाखवते. नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसते.

ज्यांचे फोटो काढते त्यांना प्रिंट नेऊन द्यायची पद्धत मी ठेवलीय. कॅमेऱ्यातला हाय-कॉन्ट्रास्ट ब्लॅक अँड व्हाइट हा प्रकार हौशी मंडळींत फार नावाजला जातो. मलाही आवडतो. फुलवाल्या मावशींना तसाच मोठा प्रिंट दिला. त्यांनी तो बराच वेळ धरला, उलटा करून मागे बघितलं आणि म्हणाल्या, “रंगाचे पैसे जास्त पडतात का गं?” आता त्यांच्यासाठी रंगीतच काढते. शेवंतीचा पिवळा हा कॅमेरा फार नेटका देतो, हे त्यामुळे कळलं.

जुना घेणार असाल तर दुकानातच एवढं करा. लेन्स एफ/१६ वर ठेवा, पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि तो मोठा करून कोपऱ्याकोपऱ्यात बघा. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. तो बाहेरून पुसता येत नाही, कॅमेरा उघडावा लागतो, तेव्हा साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करून मागा. नंतर कॅमेरा पाच-सहा वेळा चालू-बंद करून लेन्स अडखळते का ते बघा. विकणारा “मॅडम, एवढं कोण बघतं?” म्हणाला, तर दुसऱ्या दुकानात जा.