मुलुंडमधील खासगी वृक्षछाटणी सेवा : पावसाळ्यापूर्वी घेतलेला अनुभव

आमच्या मुलुंड पूर्वेच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात एक विस्तीर्ण पर्जन्यवृक्ष आणि काही गुलमोहर आहेत. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असल्यामुळे वादळी वाऱ्यात त्याच्या फांद्या कोसळण्याचा धोका असतो, म्हणून मे महिन्यात आम्ही एका खासगी कंत्राटदाराकडून छाटणी करून घेतली.

या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे पर्यवेक्षकांची शब्दांबाबतची दक्षता. काही सभासदांनी पर्जन्यवृक्ष ‘साफ करून टाका’ असे सांगताच, नेमके काय अभिप्रेत आहे ते लेखी द्यावे आणि महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी मिळेपर्यंत एकाही फांदीला हात लागणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. तोडणे या क्रियापदाचे नाते संस्कृतातील त्रुट् या धातूशी आहे आणि तुटून वेगळे होणे हा त्याचा मूळ भाव आहे. परंतु महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ साली झालेल्या अधिनियमाने झाड तोडण्याच्या व्याख्येत ते जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा पोहोचवणे याचाही समावेश केला आहे. म्हणजेच छाटणीच्या नावाखाली शेंडा उडवून झाड बोडके करणे हीदेखील तोडच ठरू शकते. ही गोष्ट प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीला ठाऊक असायलाच हवी, असे मला मनापासून वाटते.

प्रत्यक्ष काम उत्तम झाले. जड फांदीला आधी खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून काप, आणि शेवटी उरलेला खुंट खोडालगतची फुगीर कड शाबूत ठेवून कापणे, या क्रमामुळे साल सोलवटली गेली नाही. जखम भरून येण्यासाठी ती कड आवश्यक असते. मोठ्या फांद्या दोराने सावकाश खाली उतरवल्या गेल्या. पर्जन्यवृक्षाच्या केवळ वाळलेल्या व गच्चीवर झुकलेल्या फांद्याच काढल्या, त्यामुळे त्याची सावली टिकली.

उणीव आढळली ती दरपत्रकात. फांद्या वाहून नेण्याचा खर्च त्यात धरलेला नव्हता आणि भुसा गटाराच्या जाळीवर तसाच राहिला होता. ही सेवा घेणाऱ्यांनी वाहतूक व सफाई या दोन्ही बाबी दरपत्रकात आधीच नमूद करून घ्याव्यात.