नदीचे खेकडे: टपात ठेवावेत की गर काढावा?

पहिला पाऊस झाला की बाजारात नदीच्या खेकड्यांचे वाटे लागतात आणि आमच्या घरात जुना वाद उकरला जातो. वरच्या अंगाला कारखाने असलेल्या नदीचा माल असेल, तर खेकड्यात साठणाऱ्या कॅडमियम-शिशासारख्या विषारी धातूंचं काय करायचं? दोन्ही उपाय मी करून पाहिलेत.

पहिला, दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवणं. शिंपल्यांची रेती आणि बरेचसे जंतू त्याने जातात, हे खरं. कॅडमियम मात्र यकृताचं काम करणाऱ्या ग्रंथीत प्रथिनांना चिकटून बसतं. निघायला आठवडे, महिने लागू शकतात. तरी मी हट्टाने ठेवले. टपावर परात, परातीवर वरवंटा. रात्री दोनला खडखडाट! एकाने दुसऱ्याची नांगी तोडलेली, तिसरा शेगडीखाली. सकाळी दोन मेलेले, पाण्याला वास. मेलेला खेकडा आम्ही खात नाही, म्हणजे ते पैसेही गेले. पुन्हा टप काढायचं धाडस झालं नाही.

दुसरा उपाय दहा मिनिटांचा. खेकडा कच्चा असतानाच पाठ उघडायची, आतला पिवळट-तपकिरी गर आणि पिसांसारखे कल्ले काढून धुवायचं, मगच शिजवायचं. तो गर म्हणजेच ती ग्रंथी. युरोपीय संघाची कॅडमियमची किलोला ०.५ मिलिग्रॅमची मर्यादाही नांग्या-पायांतल्या पांढऱ्या मांसापुरती आहे, गराला नाही. अख्खा उकडला तर गरातलं थोडंफार मांसात आणि रश्शात उतरतं, म्हणून आधी साफ करणं महत्त्वाचं. पारा मांसातही असतो, त्यावर हा इलाज नाही. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, पण माझा कल इकडेच.

शिंपल्यांना ही युक्ती लागू पडत नाही. ते अख्खेच खाल्ले जातात, शिवाय वर्षानुवर्षं एकाच ठिकाणचं पाणी गाळत असतात. ते कुठल्या पाण्यातले, एवढंच विचारून घ्यावेत किंवा सोडावेत.

राहता राहिली चव. ती जाते, नाकारत नाही. ‘गर काढलास तर रश्शात उरलं काय?’ हा आईचा सवाल दरवर्षीचा. मी भाजल्या खोबऱ्याचं वाटण जरा सढळ घालतो. तिला ते पटत नाही. तिच्या वाट्याच्या दोन खेकड्यांचा गर आम्ही ठेवतो, पण ते डोंगरातल्या ओढ्याचे असले तरच.